गोदूचा चेहरा: माघ ते चैत्र

माघ व. २, सोमवार

जळवांचा आज चौथा दिवस. वैदूबाई गाडग्यात ओलं फडकं घालून सहा घेऊन आली, चार लावल्या. दोन उजव्या गालावर, एक डाव्या, एक हनुवटीखाली. गोदू भिंतीला पाठ लावून बसली, डोळे मिटून. जळू फुगली की आपोआप सुटते, तोवर ओढायची नाही. मी हळद घेऊन समोर. पडली की जागेवर हळद दाबून धरायची. मुठीतली हळद लाल झाली. मला काही वाटलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं होतं.

"दुखायलंय का?"

"न्हाई. गार लागायलंय."

आता नुसती मुरमं म्हणण्यासारखं राहिलेलं नाही. कातडीखाली चिंचोके पेरल्यासारखे. काही पिकून फुटतात, काही महिना महिना तसेच. तिला सोळावं संपत आलं. लग्नाला चार वर्षं झाली. दसऱ्याला सासरी जायची, ते राहिलं.

माघ व. ४, बुधवार

गोदूच्या सासरहून, युसूफ वडगावहून, विहीणबाईंचा गडी आला. निरोप तोंडी. "चेहरा नितळ झाला की कळवा. फाल्गुनात आम्ही स्वतः येऊन बघू, मग न्यायचं ठरवू." गडी भला माणूस, खाली मान घालून सांगत होता. चहा घेऊन जाताना पायरीवर थांबला. "बाई, तिकडं लोक वंगाळ बोलायलेत. रगतपिती हाय म्हणायलेत."

वन्संनी आतून ऐकलं. विधवा होऊन भावाच्या घरी आल्या त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून त्या सगळं दाराआडूनच ऐकतात. "ऐकलंस? आता जावयाला दुसरी बघतील."

दुपारी गोदू झोपली असताना मी शिवणाची सुई तिच्या गालाला हळूच लावली. रगतपितीत, महारोगात, कातडी बधिर होते म्हणतात. ती दचकून उठली. "आई, काय करायलीस?" मी म्हटलं, डास होता.

बरं वाटलं मला. लेक दचकली म्हणून बरं वाटलं.

माघ व. ८, रविवार

जळवा बंद. पाच दिवस बरं दिसलं, मग पुन्हा तेच. हे कोर्टातून येताना सरकारी दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी मुलीला न बघताच गंधकाचं मलम दिलं. ते लावल्यावर गालाची सालं निघाली, चिंचोके खाली तसेच. डॉक्टर म्हणाले म्हणे, हैदराबादेला विजेच्या दिव्याखाली तोंड धरतात, त्यानं मुरमं वाळतात. ह्यांनी मला सांगितलं. केजहून हैदराबाद. आणि मुलीला कुठं नेलं म्हणून वडगावात काय सांगायचं.

वन्सं म्हणाल्या, "बिब्बा तापवून मानेवर दोन डाग द्या. रगत खाली उतरतंय." हे कधी आवाज चढवत नाहीत. आज चढवला. "बिब्बा पोरीच्या अंगाजवळ आणला तर बघ, आक्का."

वन्सं दोन घास कमी जेवल्या.

माघ व. ११, बुधवार

आज अम्माबी आली. तिचा नवरा जर्राह होता, गळवं-जखमांचं काम. पुरुषांचं तो बघायचा, बायकांचं ही. तो गेला, आता ही आणि सून जुलेखा. मुन्सिफसाहेबांच्या घरातल्या बायकांचं हीच बघते, म्हणून ह्यांच्या कानावर आलं. डोळ्यांत मोतीबिंदू, दुधासारखे. ओसरीवर बसवली. गोदूचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि अंगठे फिरवत राहिली, कणीक बघतात तसं. मग म्हणाली, "आंखाँ गए बाई, अंगूठा हाय."

मी विचारलं, रगतपिती तर नाही ना. ती हसली. "कौन बोल्या? जवानी हाय. जवानी बी एक बीमारीच हाय, पन जाती."

तिची रीत अशी. दुपारी येऊन अंगठ्यानं चाचपायचं, जी गाठ पिकली तिच्यावर काजळाचा टिक्का लावायचा. रात्रभर गाठ आणखी मऊ होते. सकाळी उन्हात, अनशापोटी, जुलेखा येऊन तेवढ्याच नश्तरानं फोडणार. सकाळी अम्माबी येत नाही, तिच्याकडे मुली कुराण शिकायला असतात. जुलेखाला अजून पारख नाही, हात मात्र हलका. "जां टिक्का, वां नश्तर. बिना टिक्के के हात नक्को."

नाकाच्या डाव्या कडेला सगळ्यात मोठी गाठ आहे, बोरासारखी. मी म्हटलं, आधी ही. अम्माबीनं अंगठा तिथं नेला आणि लगेच काढून घेतला. "ये मेरेकू बोलोच नक्को. आंख की रग हाय वां. ये अपने आप जाएगी, साल लगो, दो साल लगो."

ती गेल्यावर वन्संनी ओसरी धुतली. अम्माबी अजून फाटकातच होती. ओरडून म्हणाली, "धो लेव आक्का, धो लेव! कल थोडा गरम पानी मेरेकू बी रखो, हात धोनेकू!"

गोदू हसली. दसऱ्यानंतर पहिल्यांदा.

माघ व. १२, गुरुवार

पाच फोडल्या. जुलेखा गोदूपेक्षा फार मोठी नसेल. नश्तर चुलीच्या जाळावर धरते, फुंकर मारते, गोदूच्या कानाशी काही पुटपुटते आणि होऊन जातं. मग दोन्ही बाजूंनी कापसानं दाबते. जे निघतं ते निघतं. मी वाटी धरून. गोदूनं माझा पदर पिळला, आवाज केला नाही.

जुलेखा: "रोव ना. रोए तो अच्छा हय."

गोदू: "रडले तर गाल हलतील."

फाल्गुन शु. ५, शुक्रवार

शुक्रवार, त्यामुळे अम्माबी-जुलेखाची सुट्टी. अवसेला वन्संनी नश्तर लावू दिलं नाही, तोही दिवस गेला. एवढं असून उजवा गाल ओळखू येण्यासारखा झाला आहे. खड्डे पडलेत, लाल डाग आहेत, पण खाली चिंचोके नाहीत. मी बोट फिरवून बघितलं. गोदूनं आरसा मागितला. माझाच लहान, कुंकवाचा दिला. तिनं उजवीकडून बघितलं, डावीकडून नाही, आणि परत दिला.

मी आनंदात असायला हवी. हे विचारतात तेव्हा सांगते, लई फरक आहे. सांगताना माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.

फाल्गुन शु. ८, सोमवार

विहीणबाई न कळवता आल्या. तिसऱ्या प्रहरी गाडी दारात. अम्माबी नुकती टिक्के लावून गेली होती, गालावर तीन काळे ठिपके तसेच. लपवायला वेळ नाही.

वि.बाई पाटावर बसल्या, पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, "ये गं इकडं." गोदूची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. मग कानाची पाळी अशी चिमटली की

"आई गं!"

"दुखलं?"

"दुखलं की."

वि.बाईंनी मोठा श्वास सोडला. त्यांचाही जीव टांगणीला होता, हे मला तेव्हाच दिसलं. त्यांनाही तिकडे कुणीकुणी बोलत असेल. मग हसल्या. "उजळलीस की गं. लई उजळलीस. पाडव्यानंतर घेऊन जाऊ." उठता उठता पुन्हा बघितलं. "हे नाकाजवळचं तेवढं गेलं की झालं. नजरेत तेच भरतंय."

गेल्या. मी दारातच उभी राहिले. वन्सं म्हणाल्या, "दोनदा म्हणाली उजळली म्हणून. दृष्ट काढ आधी."

मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतड झाली नाही, म्हणजे दृष्ट उतरली नाही. मग काजळाच्या डबीतून बोटावर घेतलं. तीट नेहमी गालावर लावतात, पण गालांवर अम्माबीचे ठिपके. वि.बाईंची नजर जिथं टेकली होती, तिथंच लावली. नाकाच्या कडेला, त्या बोरावर. म्हटलं नजर तिथंच अडू दे.

दिवेलागणीला कळलं, मी बाहेरची झाले. परसातल्या खोलीत येऊन बसले. तिथंच लिहिते आहे. तीन दिवस लिहायला मोकळीक.

फाल्गुन शु. ९, मंगळवार

सकाळी जुलेखा आली. इथून ओसरीचा एक खांब आणि गोदूचे पाय दिसतात. पाय तीनदा आखडले. मग चौथ्यांदा. मी मोजत होते. तीन टिक्के होते.

चौथ्या वेळी आवाज आला तसा आजवर आला नव्हता.

मी दारापर्यंत गेले. उंबरठ्याच्या आतच थांबले. ओरडून विचारलं, वन्सं म्हणाल्या, "काही न्हाई, मोठी होती ती." मग माझ्या लक्षात आलं. तसं नाही. ते आधीच लक्षात आलं होतं, मोजत होते तेव्हाच.

दुपारी अम्माबी आली. अंगठा तिथं गेला असावा. सुनेला म्हणाली, "ये कायकू खोली?"

"टिक्का था, अम्मा."

"मैं नै लगाई."

"था. काला था. उसी पे था."

"मैं नै लगाई वां. मेरेकू आंखाँ नै, पन याद हाय."

दोघींनी मला नाही, वन्संना विचारलं. वन्संना काय ठाऊक. तीट मी लावली तेव्हा त्या देवघरात होत्या. मी परसातून सगळं ऐकलं.

बोलले नाही.

फाल्गुन शु. १०, बुधवार

सकाळी नाकाची बाजू सुजली, दुपारी डोळ्याखाली, आता डावा डोळा मिटला आहे. ताप. थंडी वाजून आली. वन्सं शेकतात. गोदू "आई" म्हणते तेव्हा त्या म्हणतात, "ती बाहेर बसलीय, बाळ."

तिसरा दिवस. उद्या सकाळी न्हायचं असतं.

गेले. ओसरी ओलांडून आत गेले आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. तवा.

"अगं, अजून न्हाली न्हाईस!"

मी हात काढला नाही. वन्सं उभ्या राहिल्या, बसल्या. मग शेकायचं फडकं माझ्याकडे सरकवलं. हातात दिलं नाही, सरकवलं. पण सरकवलं.

फाल्गुन शु. १२, शुक्रवार

डॉक्टर घरी आले. ह्या वेळी बघितलं. बोलताना ह्यांना बाहेर घेऊन गेले, मी दारामागे. "डोळ्याच्या मागं पू गेला तर मग..." भुवईखाली चीर दिली, वात घातली. तासातासाला शेकायचं, उशी उंच, आडवं करायचं नाही. मी गोदूला पोटाशी टेकवून भिंतीला टेकून बसते आहे. छातीला तिच्या तापाची ऊब लागते. वहीचं पान तिच्या खांद्यावर ठेवून लिहिते. ती म्हणाली, "काय लिहायलीस?" म्हटलं, काही नाही. "मग लिही."

मन लाकडासारखं. नवस करावा असंही सुचत नाही. वन्संनी केलेत तेवढे पुरे.

फाल्गुन शु. १५, सोमवार

होळी पेटली असेल. आवाज आले. पुरण घातलं नाही. ताप थोडा उतरला.

फाल्गुन व. ३, गुरुवार

ताप नाही. वात काढली. डोळा उघडला, पण वरची पापणी अर्ध्यावर येऊन थांबते. डॉक्टरांनी तिच्यासमोर हात धरला, किती बोटं. "हात हाय एवढं कळतंय." दोन-तीन महिन्यांत नजर येईल किंवा येणार नाही, म्हणाले. त्यांनाच ठाऊक नाही.

हे संध्याकाळी दरखास्त लिहायला बसले. ह्यांचं उर्दू अक्षर फार सुरेख, कोर्टात सगळे नावाजतात. जर्राहाच्या आंधळ्या बाईनं आणि तिच्या सुनेनं परवानगी नसलेल्या जागी नश्तर मारून मुलीचा डोळा घालवला, यापुढे त्यांना हे काम करू देऊ नये. मला मराठीत वाचून दाखवलं. "बरोबर?"

मी दिव्याची वात पुढं केली.

गल्लीतल्या बायकांनी अम्माबीला बोलावणं बंद केलं आहे. वन्सं सांगत होत्या.

फाल्गुन व. ४, शुक्रवार

गोदूचे केस विंचरत होते. सकाळची वेळ, घरात आम्ही दोघीच. पाठीमागून बोलणं सोपं जातं. म्हटलं, "गोदू, तो टिक्का अम्माबीचा नव्हता. मी तीट लावली होती."

"ठाऊक हाय."

फणी थांबली.

"तू लावलीस तेव्हा मी समोरच होते की. सकाळी जुलेखानं तीन फोडल्या आन् इथं बोट ठेवून विचारलं, 'ये भी? अम्मा तो यहाँ कभी नै लगाती.' मी म्हटलं, हौ. ये भी."

"कावून गं?"

"सासूबाई म्हणाल्या न्हवत्या का, तेवढं गेलं की झालं."

बराच वेळ मी फणीच्या दात्यांत अडकलेले केस काढत राहिले.

"जुलेखा खोटं बोलली न्हाई," ती म्हणाली, "आन् अम्माबीबी न्हाई. मीच बोलले न्हाई. तुझ्यासारखंच."

फाल्गुन व. ७, सोमवार

ह्यांना सांगितलं. जेवण झाल्यावर, सुपारी कातरत असताना. दोघींचं, तिचं आणि माझं. हे अडकित्ता हातात धरून बसून राहिले. वाटलं रागावतील. उठले, दरखास्त काढली, दिव्यावर धरली नाही की फाडली नाही. चार घड्या घातल्या आणि पुस्तकात ठेवली. म्हणाले, "तू आधी सांगायचं होतंस." एवढंच. अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मी अम्माबीच्या घरी गेले. मी तिथं कधी गेले नव्हते. जुलेखा धुणं धूत होती, उठली नाही. अम्माबीनं सगळं ऐकून घेतलं. तिला माझा चेहरा दिसत नाही ते बरं वाटलं. म्हणाली, "पानी पिएंगे?" मी हो म्हटलं. प्याले. घरी सांगितलं नाही, वन्संना कळेल तेव्हा कळेल.

जाताना जुलेखा पाठमोरीच म्हणाली, "उसका आंख कैसा हाय?"

मी सांगितलं. तिनं पिळलेलं लुगडं पुन्हा पाण्यात बुचकळलं.

चैत्र शु. ५, रविवार

पाडवा झाला. आज विहीणबाई आल्या, ह्या वेळी कळवून.

मी गोदूला म्हटलं, दाराकडे पाठ करून बस, सावलीत, पदर कपाळावर घे. तिनं ऐकलं नाही. पाट उचलून दारात उजेडात ठेवला. "अंधारात बसले तर तिकडं जन्मभर अंधारातच बसावं लागंल."

वि.बाईंनी बघितलं. खूप वेळ. गालावरून हात फिरवला, नाकाच्या कडेच्या वणावर थांबल्या. "ह्या डोळ्यानं दिसतंय का?"

"तुमच्या लुगड्याचा रंग दिसतोय. काठ न्हाई दिसत."

त्यांनी स्वतःच्या पदराच्या काठाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी सगळं सांगायच्या तयारीत होते, शब्द जुळवून ठेवले होते. त्या म्हणाल्या, "मुरमं काय, एखादं लेकरू झालं की जातात, माझीबी गेली. पर हे..." थांबल्या. "तुमी काय मुद्दाम केलं नसंल."

"नाही," मी म्हटलं. "पण केलं."

मी हळदकुंकू लावलं, ओटी भरली. गाडीत बसताना म्हणाल्या, "पोराला विचारते. कळवू." गोदूच्या हातावर हात ठेवला होता, तो काढायला त्यांनी जरा वेळ लावला. किंवा मला तसं वाटलं.

हे ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. "काय म्हणतेस, नेतील?"

"माहीत नाही."

कळवू म्हणजे वैशाख की कधीच नाही. वन्संनी विचारलं, मी त्यांनाही तेच सांगितलं.

आतून गोदूची हाक आली. "आई, आंब्याची डाळ उरलीय का?" मुरमांमुळे आंबट दोन महिने बंद होतं. वाटी भरून दिली. ती दारातच, त्याच पाटावर बसून खायला लागली. एक डोळा बारीक करून, कैरी दाताखाली आली की खांदे आखडून. अर्धी वाटी संपल्यावर म्हणाली, "मीठ कमी हाय."

मी उठले, मीठ आणायला.